हेमांगीकडे पेन आहे

"गावपळणीला सगळं गाव तीन दिवस बाहेर, मग त्या तीन दिवसांत गाव नक्की असतं कुठे?"

प्रश्न विचारला मी, पण पैज होती माझ्या मैत्रिणींची, हेमांगी परबची आणि शमिकाची. भर सभेत, देवळाच्या पायरीसमोर, सगळ्या मानकऱ्यांच्या तोंडावर हे विचारून दाखव म्हणे. दाखवलं! गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे. अकरावीत आल्यापासून माझी जीभ सुटलीय, असं आई म्हणते. सुटलीय तर सुटलीय.

मागे कोणीतरी खिदळलं. बाबांनी कपाळाला हात लावला. घाडीआजोबा, म्हणजे मानकऱ्यांतले सगळ्यांत म्हातारे, तेवढे हसले नाहीत. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "गो चेडवा, जंय आमच्यो चुली पेटतत, थंय गाव. बस आता खाली."

मी बसले, पण डोकं काही बसेना. अरे, हे तर माझ्या सांगाव्यासारखंच झालं!

सांगावा म्हणजे मी बनवलेलं ॲप. त्याची गोष्ट अशी. मी लहान असताना पाणीकपातीचा कायदा आला. जगभराची माहिती साठवणारे मोठे संगणक, ज्यांना सर्व्हर म्हणतात, थंड ठेवायला नदीच्या नदी लागायची. पाणी संपायला लागलं तशी सरकारने बिनमहत्त्वाच्या सेवा सर्व्हरवरून काढायला सुरुवात केली. आमच्या खारवळ गावचं होडीचं बुकिंग, रक्तदात्यांची यादी, आरोग्य उपकेंद्राचं ॲप, सगळं एका झटक्यात बिनमहत्त्वाचं ठरलं. मोबाइलचा टॉवरही पुढच्या वर्षी गेला. फोन राहिले हातात, गाणी ऐकायला आणि विजेरी म्हणून.

मग मला सुचलं, की फोन आहेत ना? तेच पुरेत! सर्व्हर म्हणजे तरी काय, सगळ्यांची माहिती एका जागी ठेवणारा कारकून. तो कारकूनच काढून टाकायचा आणि सगळी माहिती प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवायची, अख्खीच्या अख्खी. दोन फोन एकमेकांच्या पन्नासेक पावलांत आले की आपोआप कुजबुजतात, "तुझ्याकडे नवीन काय? माझ्याकडे हे." विहिरीवर बायका बोलतात तसंच. शंकरकाकांची होडी दुपारी मोकळी आहे, हे खालच्या वाडीतून वरच्या वाडीत पोचायला कोणाला सांगावं लागत नाही. माणसं चालतात, बातमी त्यांच्या खिशातून चालते. दोन बातम्यांत भांडण झालं तर जी नंतरची, ती खरी.

एवढं झालं आणि दुसऱ्याच महिन्यात शंकरकाकांचा फोन खाडीत पडला. होडी त्यांच्या नावावर, त्यांचा फोन बोलेना, बुकिंग लटकलं. म्हणून मी एक नियम घातला. प्रत्येक सामायिक वस्तूला एक राखणदार. राखणदाराचा फोन रात्रभर ऐकू आला नाही, तर जवळ असलेले फोन आपसात बहुमताने नवा राखणदार निवडतील, बॅटरी ज्याची जास्त त्याला. बहुमत आधी मी अख्ख्या गावाचं ठेवलं होतं, पण शिमग्यात निम्मे फोन बंद, बहुमत होईचना. मग केलं, हजर असतील त्यांचं. त्यानंतर सांगावा कधीच अडला नाही. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, "माझा सांगावा अडत नाही!"

आणि या यादीत सगळ्यांत मोलाची वस्तू होती दंशपेनं. ही नवीन आलीत. साप चावला की मांडीत टोचायचं. विषातली जी प्रथिनं रक्ताला गोठू देत नाहीत, त्यांना ते औषध काही तास धरून ठेवतं. तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्यात पोचायचं, खरं प्रतिविष तिथे. पेनं थंड ठेवावी लागतात, मिळतात मोजकीच, म्हणून गावाला एकच बर्फाचा थर्मास. राखणदार माझी आई, कारण ती आशा सेविका.

तर गावपळण. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं आणि झावळ्यांच्या राहुट्या घालून राहायचं. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. आमची वरची वाडी जाते सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर. खालची वाडी खाडीपलीकडे. मध्ये अख्खा डोंगर.

निघताना एकच गोंधळ. आमच्या म्हशीने गाडीत चढायलाच नकार दिला, बाबा तिला ढकलतायत, मी पुढून गवत दाखवतेय. तेवढ्यात आई म्हणाली, "मी खालच्यांबरोबर जातंय गो. देसायांच्या सुनेचे दिवस भरलेहत." आणि गेली. थर्मास तिच्या खांद्याला होता. पिशव्या, टोपल्या, कोंबड्यांचे खुराडे, यात कोणाच्या खांद्याला काय, कोण बघतं?

पहिली रात्र काय मजेची! फुगड्या झाल्या, गाणी झाली, शमिकाच्या बाबांनी जीपच्या बॅटरीवर दिवा लावला. हेमांगीने घाडीआजोबांची नक्कल केली, "बस आता खाली," आणि आजोबा मागेच उभे. ते म्हणाले, "आवाज बरो काढतंस. आता सुपारी खा, म्हणजे रंगय येतलो."

सकाळी उठून मी फोन बघितला. सांगाव्यात ओळ होती: दंशपेनं, हेमांगी परब, हजर.

मला आनंद झाला, हो. वाटलं, बघा, टॉवर नाही, वीज नाही, कातळावर बसलोय आणि सांगावा चालतोय! आईने जाताना थर्मास हेमांगीकडे दिला असणार. फुरशांसारखे विषारी साप सड्यावरच जास्त, म्हणजे बरोबरच केलं. मी पुढे विचारच केला नाही.

हेमांगी करवंदीच्या जाळीमागे सरपण गोळा करायला गेली होती. तिची किंकाळी आधी आली, मग ती लंगडत आली. घोट्याच्या वर दोन टिंबं. फुरसं.

आईने आम्हां सगळ्यांना घोकून घोकून शिकवलंय: पळायचं नाही, दोरी बांधायची नाही, पाय हलू द्यायचा नाही. तिला आडवं केलं. तिचे बाबा, परबकाका, ओरडले, "पेन! पेन कोणाकडे?"

दहा जणांनी दहा फोन काढले. दहाही फोनांनी एकच सांगितलं.

"अगो, तुज्याकडेच आसा मगे!" शमिकाची आई म्हणाली. "खंय ठेवलंस?"

"माज्याकडे?" हेमांगी म्हणाली. "माज्याकडे नाय."

"तुजा नाव आसा हंय."

"आसात नाव. माज्याकडे नाय!"

परबकाका राहुटीत घुसले. गाठोडी सुटली, तांदूळ सांडले, तिची शाळेची बॅग पालथी झाली. हेमांगीचा नवा फोन त्यातून पडला, बॅटरी शहाण्णव टक्के. एक काकू म्हणाली, "घाबारलीहा ती, इसारली असतली." कोणी म्हणालं, नेताना सांडलं असेल. सगळे शोधत होते. जिच्या पायाला सूज चढत होती, ती ओरडून सांगत होती, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. सगळे माझ्या सांगाव्याचं ऐकत होते.

मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "हेमा, नीट आठव."

तिने माझ्याकडे असं बघितलं ना.

"नाय म्हणतंय मी तुका," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "तू तरी."

आणि मग मी ती ओळ परत बघितली. खाली बारीक अक्षरात असतं, कोणी कधी वाचत नाही, मीच घातलंय ते: 'आधीचा राखणदार ऐकू आला नाही. नवी निवड.' थर्मास कोणी कोणाला दिलाच नव्हता. डोंगरापलीकडच्या आईचा फोन इथल्या फोनांना रात्रभर ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी आपसात मत टाकलं आणि जिची बॅटरी जास्त तिचं नाव लावलं. फोनांना वाटलं नाव लावलं की पेन आलं.

"आईकडे आहे!" मी किंचाळले. "खाडीपलीकडे! सांगावा चुकलाय!"

त्यानंतर सगळं पळतच झालं. शमिकाच्या बाबांनी हेमांगीला जीपमध्ये आडवं घातलं आणि सड्याच्या रस्त्याने तालुक्याकडे सुटले. आईला घेऊन आम्ही त्यांना खाडीचा रस्ता मिळतो त्या नाक्यावर गाठायचं ठरलं. बाबांनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले, पण खाडीला जायचा बाहेरून रस्ता म्हणजे डोंगराला वळसा. जवळचा रस्ता गावातून, आणि गावात तर पाऊल टाकायचं नाही. बाबा घाडीआजोबांकडे बघत राहिले.

"बघतंस काय?" आजोबा म्हणाले. "जा गावातसून. देव आसा थंय. तेका माजा नाव सांग."

रिकाम्या गावातून जाताना मला काही दिसलं नाही. दारं, अंगणं, तुळशी, सगळं सरकत होतं. एवढंच आठवतं, की हातातल्या फोनवर सांगावा फोन शोधत होता आणि आकडा दाखवत होता शून्य.

खाडीवरचा पूल ओलांडला तर आई माडाखाली देसायांच्या सुनेचे पाय चेपत बसली होती. थर्मास शेजारी. मी हुंदके देत काय बोलले ते तिला कळलं नसावं, पण 'फुरसं' कळलं. ती थर्मास उचलून गाडीवर बसलीसुद्धा. तिघं एका गाडीवर. वाटेत ती एकदाच बोलली, माझ्या कानात: "तुज्या सांगाव्यात माजाच नाव होता मगे? मी म्हटलंय, लागलाच तर बघतीत आणि येतीत."

म्हणजे आईनेही पेनं वाटून दिली नाहीत, कारण सांगावा होता. आणि खाडीपलीकडच्या प्रत्येक फोनवर तिचंच नाव होतं. तिकडचे फोन तिकडे खरे, इकडचे इकडे खरे.

नाक्यावर जीप गाठली. हेमांगीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. आईने जीपमध्ये चढून पेन टोचलं. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

हेमांगी वाचली. पण डॉक्टर म्हणाले, पेन वेळेत मिळालं असतं तर दोन दिवसांत घरी गेली असती. आता मूत्रपिंडांवर ताण आलाय, बरेच दिवस राहावं लागेल. पावलाचं पुढे बघू.

कौल मिळाला, गाव परत आलं. दोन्ही वाड्यांचे फोन रस्त्यावर एकमेकांना भेटले आणि कुजबुजले. पेनांना दोन राखणदार? नंतरची नोंद ती खरी. मग माझ्या फोनवर हिरवी खूण आली: 'सर्व माहिती जुळली.' हेमांगी तिकडे सलाइनला जोडलेली, आणि हा म्हणतो जुळली! मी फोन गादीवर आपटला. गादीवरच, जमिनीवर आपटायचं धैर्य झालं नाही.

नंतर मी वेड्यासारखं वाचत सुटले. शाळेच्या ग्रंथालयातल्या डिस्कवर जुनी पुस्तकं आहेत. तर ही अडचण जुनीच निघाली. एका माहितीच्या अनेक प्रती असल्या आणि मध्ये संपर्क तुटला, तर तुमच्यापुढे दोनच रस्ते असतात. एक, दोन्ही तुकड्यांनी उत्तरं देत राहायचं, आणि मग कधीतरी दोघांची उत्तरं वेगळी निघणार. किंवा एकाने तरी गप्प बसायचं, म्हणायचं, मला माहीत नाही. दोन्ही जमवणारा तिसरा रस्ता नाही. आपण हुशार नाही म्हणून तो सापडत नाही असं नव्हे, तो नाहीच हे गणिताने सिद्ध झालंय. मी न अडणारा सांगावा बनवला, म्हणजे पहिला रस्ता घेतला होता, आणि रस्ता घेतोय हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावाइतकं ठरवून, वाजतगाजत, मधोमध तुटणारं गाव दुसरं नसेल. आणि त्याच गावात राहून मला ते सुचू नये?

सभा बसली. मला वाटलं, आता सांगावा बंद करायला सांगतील. घडलं उलटंच. परबकाका उभे राहिले. मी खाली मान घातली. ते म्हणाले, "ॲप बरा आसा. पण शंभर फोन शंभर तोंडांनी बोलतत. एक मुख्य होयो. निशिगंधाचो फोन मुख्य करा. ता सांगात ती पूर्व दिशा."

ज्यांची मुलगी दवाखान्यात, ते हे म्हणतायत! सगळ्यांनी माना हलवल्या. तिथल्या तिथे सांगाव्यात बहुमत झालं आणि ओळ उमटली: मुख्य फोन, निशिगंधा मेस्त्री. म्हणजे मी. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, गर्दीत कधी बोलत नाहीत. ते त्या दिवशी चारचौघांत म्हणाले, "करतली ती. आमची आसा ती."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. दोन रात्री मी मुख्य फोनचं काय काय करता येईल त्याची स्वप्नं बघितली. आणि प्रत्येक स्वप्नात कुठेतरी हेमांगी म्हणत होती, "तू तरी."

शनिवारी दवाखान्यात गेले. ती उशीला टेकून बसली होती, पाय उंचावर, चेहरा पिवळा. माझ्याकडे बघेना. मी शहाळं ठेवलं, केळी ठेवली, खुर्ची सरकवली, परत सरकवली.

"बस की एका जागी," ती शेवटी म्हणाली. "खुर्ची झिजली."

"हेमा..."

"माका ठावक आसा काय बोलतलंस. नको बोलू, रडशीत, आणि नर्स माका ओरडतली." मग म्हणाली, "मुख्य झालंस म्हणे."

"लोकांनी केलं."

"बरा झाला. पुढच्या वेळेक शंभर फोनांनी माका खोटी पाडूक नको. तुज्या एकट्याच्या फोनान पाडलीस तरी पुरे."

ती शहाळ्यातली नळी फिरवत राहिली.

"साप चावलो त्याचा काय नाय गो," ती म्हणाली. "साप बिचारो घाबारलो. पण मी 'नाय' म्हणतंय, आणि तुमी सगळे फोनात बघतास! माजा 'नाय' लिवूक तुज्या ॲपात जागाच नाय. बघ बरा, आसा?"

नव्हती. मी घरी येताना एस.टी.त उभ्या उभ्या डोळ्यांसमोर सांगाव्याचे सगळे पडदे आणून बघितले. 'घेतलं'चं बटण होतं, 'दिलं'चं होतं, 'हजर' होतं. ज्याच्या नावावर गावाने काही लावलं, त्याने ते नाकारायची सोय मी कुठेच ठेवली नव्हती. मला तशी गरज पडेल असं वाटलंच नव्हतं.

रविवारभर मी सांगाव्यावर काम करत बसले. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. नियम लिहायला सोपा, पण पटवून घ्यायला अवघड: ज्याचं नाव, त्याचा 'नाही' सगळ्यांवर भारी. बहुमतावर, नंतरच्या वेळेवर, माझ्यावरसुद्धा. आणि तो पुसता येणार नाही, कारण पुसता आला तर कोणीतरी समजूत काढून पुसायला लावेल.

संध्याकाळी पाटावर बसलो. बाबांनी ताटाशेजारी एक खोका ठेवला. आतमध्ये नवा फोन, जाड, पाण्यात पडला तरी चालणारा, आठवडाभर बॅटरी पुरणारा. कुठून आणला देव जाणे.

"मुख्य फोन असो होयो," ते म्हणाले, भाकरीकडे बघत. लाजले होते चक्क. "उघड तरी."

आई हसत होती. फार दिवसांनी हसत होती.

मी पाणी प्यायले आणि उभी राहिले. का उभी राहिले कोणास ठाऊक, बसून ते बोलता येणार नव्हतं.

"बाबा, हा परत करा," मी म्हटलं. "रागावू नका, आधी ऐका. मी मुख्य होणार नाही, आणि दुसऱ्या कोणालाही होऊ देणार नाही. मी डोंगराच्या एका बाजूला असले की दुसऱ्या बाजूला मुख्य कोण? आई, पेनं सांगाव्यातून काढलीत मी. तू ती दोन थर्मासांत वाट, एक वर, एक खाली, आणि ज्याच्या हातात त्याला तोंडाने विचारू देत. बाकी जिथे तुटलं असेल तिथे सांगावा सरळ 'माहीत नाही' म्हणणार. अडणार तो आता. लोक चिडतील, चिडू देत. आणि ज्याचं नाव लागलं त्याला 'नाही' म्हणायचं बटण आहे. मघाशी मी ते पहिल्यांदा दाबलं, माझ्याच नावावर. तुम्हांला आधी विचारलं असतं तर तुम्ही माझी समजूत काढली असती, आणि मी ऐकलं असतं. एव्हाना तो 'नाही' परबांच्या फोनात गेला, तिथून खालच्या वाडीला निघालाय. आता मलाही परत आणता येणार नाही."